लाइटनिंग लेन मल्टी पास: किती ठरवायचं, किती मोकळं सोडायचं

अमेरिकेत फ्लोरिडामधल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या चार पार्कांमध्ये पैसे भरून लांब रांग टाळायची जी सोय आहे, तिचं नाव लाइटनिंग लेन मल्टी पास. आताच्या रूपात ती जुलै २०२४ पासून सुरू आहे. तारीख आणि पार्क यांप्रमाणे दर बदलतो. माणशी दिवसाला साधारण १५ ते ४० डॉलर धरून चालावं, वर कर. चौघांनी तीन दिवस घेतला तर १८० पासून ४८० डॉलरपर्यंत खर्च होतो, आणि तो प्रवेशाच्या तिकिटाखेरीज. तीन वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही आणि पासही लागत नाही.

एवढे पैसे घालावेत का? मॅजिक किंगडम आणि हॉलिवूड स्टुडिओज या दोन पार्कांसाठी घालावेत. एपकॉटसाठी गर्दीचे दिवस असतील तरच. ॲनिमल किंगडमसाठी बहुतेक वेळा नकोत. पास घेतला म्हणून सकाळी आठ ते रात्री दहा असं वेळापत्रक मात्र बनवू नये. या सोयीची रचनाच अशी आहे की सकाळचे तीन-चार तास काटेकोर ठरवून पुढचा दिवस मोकळा ठेवणाऱ्याला ती सगळ्यात जास्त देते. सगळं आधीच ठरवणारा आणि काहीच न ठरवता जाणारा, दोघांच्याही पदरात कमीच पडतं. का, ते पुढे येईलच.

नियोजन की मोकळीक हा वाद इथे जुना आहे. १९९९ मध्ये कागदी फास्टपास आला तेव्हा तो फुकट होता. राइडच्या दाराशी यंत्र असे. त्यात तिकीट सरकवायचं, बाहेर येणाऱ्या चिठ्ठीवर परत येण्याची वेळ छापलेली असायची. सगळं त्याच दिवशी आणि स्वतः चालत जाऊन. नंतर फास्टपास प्लस आला आणि २०१४ पर्यंत त्याने कागदी चिठ्ठीची जागा पूर्ण घेतली. तोही फुकटच, पण डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना ६० दिवस आणि बाकीच्यांना ३० दिवस आधी तीन राइड्स निवडता येत. दोन महिन्यांनंतरच्या एखाद्या मंगळवारी दुपारी अडीच वाजता आपण कुठे असू हे घरबसल्या ठरवावं लागे. जो ठरवत नसे त्याच्या वाट्याला उरल्यासुरल्या वेळा येत. मार्च २०२० मध्ये ते थांबलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये जिनी प्लस आलं, या वेळी पैसे घेऊन. त्यात आधी काहीच ठरवता येत नव्हतं. रोज सकाळी सातच्या ठोक्याला फोन हातात घेऊन पहिली राइड पकडायची आणि मग दिवसभर पडद्यावर डोळे. आताचा मल्टी पास या दोन टोकांच्या मध्ये उभा आहे, आणि आजवर झालेल्या प्रयोगांत मला तो सर्वांत समंजस वाटतो. जे पूर्वी फुकट होतं त्याचे पैसे लागतात ही तक्रार रास्त आहे, पण रचना चांगली आहे.

आता ती चालते कशी. डिस्नेच्या हॉटेलांत आणि त्यांच्याशी जोडलेल्या काही ठरावीक हॉटेलांत उतरणाऱ्यांना मुक्काम सुरू होण्याच्या ७ दिवस आधी, आणि बाकी सगळ्यांना पार्कमध्ये जायच्या दिवसाच्या ३ दिवस आधी बुकिंग करता येतं. ते उघडतं फ्लोरिडातल्या सकाळी सातला. भारतात तेव्हा मार्चच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत दुपारचे साडेचार आणि उरलेल्या महिन्यांत संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात, त्यामुळे भारतातून बुकिंग करणाऱ्याला पहाटे उठावं लागत नाही. अडतं ते दुसरीकडे. कार्डावर परदेशी व्यवहार बंद असतील तर शेवटच्या पायरीवर पैसे जात नाहीत, आणि तेवढ्यात निवडलेली वेळ हातची निसटते. बँकेच्या ॲपमधून ते आदल्या दिवशीच सुरू करून ठेवावेत.

तयारीही आदल्या दिवशीचीच. माय डिस्ने एक्स्पिरियन्स या ॲपमध्ये सगळ्यांची तिकिटं एकाच खात्याशी जोडलेली हवीत. तिकीट जोडलेलं नसेल त्या माणसासाठी पास घेताच येत नाही. दोन-तीन कुटुंबं एकत्र जात असतील तर बुकिंग एकाच्याच हाती द्यावं आणि बाकीच्यांनी त्याच्या मित्र-कुटुंब यादीत आधीच यावं. सातला पाच मिनिटं असताना लॉगइन करून बसावं. मग तारीख, पार्क, माणसं आणि तीन राइड्स. प्रत्येक राइडला एक तासाची खिडकी मिळते, म्हणजे १०:१० ते ११:१० असं काहीतरी, आणि त्या तासात केव्हाही गेलं तरी चालतं. वेळ पसंत नसेल तर यादीतून दुसरी घेता येते. पैसे भरल्यावरही, मिळालेली राइड न सोडता, तिची वेळ बदलता येते. हे फार कामाचं आहे. सातला जे मिळालं ते घ्यावं, वेळा मागाहून सुधाराव्यात. लोक बुकिंग बदलत आणि सोडत असतात, त्यामुळे चांगल्या वेळा दिवसभरात पुन्हा दिसू लागतात.

ॲनिमल किंगडम सोडून बाकी तीन पार्कांत राइड्सचे दोन गट केलेले आहेत. पहिल्या गटातली एक आणि दुसऱ्या गटातल्या दोन, असं आधी निवडता येतं. मॅजिक किंगडमला पहिल्या गटात जंगल क्रूझ, पीटर पॅन्स फ्लाइट, टियानाज बायू ॲडव्हेंचर अशा राइड्स आहेत. हॉलिवूड स्टुडिओजला स्लिंकी डॉग डॅश. गटांची यादी अधूनमधून बदलते, म्हणून बुकिंगच्या दिवशी ॲपमध्ये दिसेल तीच खरी. पहिला पास वापरला की गटांचं बंधन संपतं. त्यानंतर कोणत्याही गटातली राइड घेता येते, आणि पार्क हॉपर तिकीट, म्हणजे एका दिवसात एकाहून जास्त पार्कांत जायचं तिकीट, असेल तर दुसऱ्या पार्कमधलीही.

या सोयीचं सगळं मर्म इथेच आहे आणि बहुतेक लोक इथेच पैसे वाया घालवतात. एका वेळी हातात तीनच पास राहू शकतात. एक वापरला की चौथा घेता येतो, तो वापरला की पाचवा. म्हणजे तीन राइड्स ही फक्त सुरुवात. ज्याने पहिल्या तीन वेळा सकाळी ९, १० आणि ११ च्या घेतल्या, त्याच्या तिन्ही जागा दुपारपर्यंत दोनदा फिरून होतात. ज्याने ‘आरामात जाऊ’ म्हणून १, ४ आणि ७ च्या घेतल्या, त्याला चौथा पास मिळेपर्यंत एक वाजून जातो, आणि तोवर पुढच्या चांगल्या राइड्सच्या वेळा रात्रीवर गेलेल्या असतात. पास तोच, पैसे तेवढेच, पण एकाच्या सात-आठ राइड्स होतात आणि दुसऱ्याच्या चार.

म्हणून पहिली वेळ शक्य तितकी लवकरची घ्यावी, भले ती राइड बिनमहत्त्वाची असो. पहिल्या गटातली हवी असलेली राइड दुपारी तीनलाच मिळत असेल तर ती घेऊन ठेवावी, पण उरलेल्या दोन सकाळीच असाव्यात. एक जागा दुपारपर्यंत अडकून पडली तरी दोन फिरत राहतात. दोन अडकल्या तर पास लंगडा पडतो. पहिली राइड स्कॅन झाल्या झाल्या, आतल्या मार्गिकेतून चालतानाच, पुढची घ्यावी. राइडवरून उतरून, पाणी पिऊन, सावलीत बसून मग बघू म्हटलं तर तेवढ्या वीस मिनिटांत उपलब्ध वेळ तासाभराने पुढे सरकते. एकच राइड एका दिवसात या पासवर दोनदा घेता येत नाही, तेव्हा आवडत्या राइडची दुसरी फेरी साध्या रांगेतूनच.

एक चूक जवळजवळ प्रत्येक गटात दिसते: पासवर नाट्यगृहातले खेळ घेणं. मिकीज फिलहारमॅजिकसारख्या खेळात शेकडो लोक एकदम आत जातात आणि सगळ्यांना एकाच वेळी बसवलं जातं. तिथे पास असून काही वाचत नाही. पास खर्च करावा तो अशा राइडवर, जिच्यात एका फेरीत थोडीच माणसं बसतात आणि तरी सगळ्यांना तिथेच जायचं असतं. पीटर पॅन्स फ्लाइट हे त्याचं नेमकं उदाहरण: लहानशा जहाजांतून जाणारी छोटी राइड, लहान मुलांना चालणारी, उंचीची अट नाही, आणि म्हणून दिवसभर तुंबलेली.

रांग का तुंबते हे समजायला त्या दोन मार्गिका जिथे एकत्र येतात ती जागा पाहावी. साधी रांग एका बाजूने येते, लाइटनिंग लेन दुसऱ्या बाजूने, आणि मध्ये एक कर्मचारी उभा असतो. पासवाले येत राहतात तोवर तो साध्या रांगेला हाताने थांबवतो. जरा खंड पडला की साध्या रांगेतले काही जण सोडतो, पुन्हा थांबवतो. सकाळी पार्क उघडल्या उघडल्या पासवाल्यांच्या खिडक्या जेमतेम सुरू झालेल्या असतात, त्यामुळे साधी रांगही पळते. दुपारी पासवाल्यांचा ओघ अखंड असतो आणि साधी रांग जागच्या जागी राहते. म्हणून पास न घेणाऱ्याने पहिला दीड तास आणि शेवटचा एक तास सोन्यासारखा जपावा, आणि पास घेणाऱ्याने पहिल्या तासात पहिल्या पासखेरीज जो वेळ उरेल त्यात साध्या रांगेतूनच मोठ्या राइड्स उरकाव्यात.

स्कॅन करताना यंत्रावर हिरवा दिवा लागला की आत जायचं. निळा लागला तर काहीतरी अडलेलं आहे: वेळ झालेली नाही, किंवा एकाच्या तिकिटाचं कार्ड दुसऱ्याच्या हातात आहे. नवरा-बायकोची कार्डं अदलाबदल होणं हे याचं नेहमीचं कारण. कार्डाच्या मागे मार्करने नाव लिहिलं की हा घोळ संपतो. काही राइड्सवर दोनदा स्कॅन होतं, दारात आणि मार्गिका जुळतात तिथे, म्हणून कार्ड लगेच पिशवीत टाकू नये. खिडकीच्या पाच मिनिटं आधी आणि पंधरा मिनिटं नंतरपर्यंत सहसा आत घेतात, पण वेळा आखताना ही सवलत धरू नये. ती अडीनडीसाठी आहे.

राइड बंद पडली तर काय? इथे ही सोय चांगली वागते. तुमच्या खिडकीच्या वेळात राइड बंद असेल तर पास आपोआप अशा पासात बदलतो की जो त्याच दिवशी उरलेल्या वेळात त्या राइडवर, ती सुरू झाल्यावर, किंवा यादीतल्या दुसऱ्या राइड्सपैकी एकीवर चालतो. घाई करून तो लगेच कुठल्यातरी किरकोळ राइडवर उडवू नये. जपून ठेवावा आणि दुपारी, जिथे रांग सर्वांत लांब असेल तिथे वापरावा.

आता नियोजनाची किंमत. पास घेतला की त्या दिवसाचं पार्क ठरलं. न वापरलेल्या पासचे पैसे परत मिळत नाहीत. ९ जानेवारी २०२४ पासून तारखेच्या तिकिटांना पार्कचं आगाऊ आरक्षण लागत नाही, म्हणजे पास नसलेला माणूस सकाळी आभाळ बघून ठरवू शकतो की आज कुठे जायचं. तिकिटाच्या मुदतीतही थोडी सैल जागा असते: ४ दिवसांचं तिकीट ७ दिवसांत केव्हाही वापरता येतं, ५ दिवसांचं ८ दिवसांत. हा सैलपणा फार मोलाचा आहे. चारही दिवस पास घेऊन तो गमावू नये. दोन दिवस पासचे ठरवावेत, दोन दिवस मोकळे.

मोकळ्या दिवसांची गरज मुख्यतः हवेमुळे पडते. जून ते सप्टेंबर या काळात मध्य फ्लोरिडात दुपारी गडगडाटी पाऊस नेहमीचाच. परिसरात विजा चमकू लागल्या की उघड्यावरच्या राइड्स थांबवतात: स्लिंकी डॉग डॅश, सेव्हन ड्वॉर्फ्स माइन ट्रेन, एक्स्पेडिशन एव्हरेस्ट, टियानाज, जंगल क्रूझ. टेस्ट ट्रॅकचा शेवटचा वेगवान भाग इमारतीबाहेरून जातो, म्हणून तीही. एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओजला जोडणारी स्कायलायनर ही हवेतली पाळण्यांची गाडीही थांबते. पावसाळी महिन्यांत उघड्यावरच्या राइड्सचे पास दुपारी दोननंतरचे घेऊच नयेत. पाऊस आला तर मॅजिक किंगडममध्ये कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस किंवा हॉल ऑफ प्रेसिडेंट्समध्ये शिरावं. बसायला मिळतं, थंडावा मिळतो, रांग नसते. आणि पाऊस ओसरला की बाहेर पडावं, परत हॉटेलवर जाऊ नये. बरेच लोक भिजून निघून गेलेले असतात, राइड्स एकेक करून सुरू होत असतात, आणि ॲपवर दिसणारे रांगेच्या मिनिटांचे आकडे खाली आलेले असतात. दिवसातली ही सर्वांत चांगली आयती संधी, आणि ती फक्त मोकळ्या माणसालाच घेता येते. ज्याचं साडेचारला जेवणाचं टेबल दुसऱ्या टोकाला आहे, तो ती सोडून छत्री घेऊन तिकडे धावत असतो.

पार्कागणिक हिशेब वेगळा आहे. मॅजिक किंगडमला गाडीने जाणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात घ्यावी: वाहनतळ पार्कच्या दारात नाही. गाडी लावून तिकीट आणि वाहतूक केंद्रावर यायचं, तिथून मोनोरेल किंवा फेरीबोटीने तळं ओलांडायचं. सुरक्षा तपासणी धरून गाडी लावल्यापासून दारापर्यंत ४५ मिनिटं हातात ठेवावीत. नऊची पहिली खिडकी असेल आणि सव्वानऊला तुम्ही अजून रस्त्यावर असाल, तर पहिला पास वाया जाण्याची शक्यता मोठी. डिस्नेच्या हॉटेलांच्या बस मात्र थेट पार्कच्या दाराशी सोडतात.

डिस्नेच्या हॉटेलांत उतरलेल्यांना रोज, प्रत्येक पार्कमध्ये, अर्धा तास आधी प्रवेश मिळतो. मॅजिक किंगडममध्ये त्या अर्ध्या तासात फक्त फँटसीलँड आणि टुमॉरोलँड हे भाग उघडे असतात. हॉटेलात न राहणारा माणूस ठरलेल्या वेळी दारात येतो आणि सगळ्यांच्या मागोमाग सेव्हन ड्वॉर्फ्स माइन ट्रेनकडे धावतो. तिथे अर्ध्या तासाची रांग आधीच तयार असते. त्याने उलट दिशेला, ॲडव्हेंचरलँडकडे वळावं. जंगल क्रूझ तेव्हा कुठे सुरू होत असते आणि रांग सगळ्यांसाठी शून्यापासून असते.

हॉलिवूड स्टुडिओज हे सर्वांत जास्त नियोजन मागणारं पार्क. राइड्स कमी, आणि त्यातल्या जवळपास सगळ्याच गाजलेल्या. स्लिंकी डॉगच्या वेळा सर्वांत आधी संपतात. इथे हॉटेलांत उतरणाऱ्यांसाठी एक बारकावा आहे. त्यांचं बुकिंग मुक्कामाच्या पहिल्या दिवसाच्या ७ दिवस आधी, पण संपूर्ण मुक्कामासाठी, जास्तीत जास्त १४ दिवसांपर्यंत, एकदम उघडतं. म्हणजे मुक्कामाच्या पाचव्या दिवसाचं बुकिंग ११ दिवस आधी करता येतं, आणि तेव्हा फारच थोड्यांनी त्या तारखेला हात लावलेला असतो. हॉलिवूड स्टुडिओज मुक्कामाच्या शेवटी ठेवलं की स्लिंकी डॉगची सकाळची वेळ मिळण्याची शक्यता खूप वाढते. बाहेर उतरणाऱ्यांना ही युक्ती लागू नाही. त्यांचा प्रत्येक दिवस त्याच्या तीन दिवस आधीच उघडतो.

याच पार्कमधली राइज ऑफ द रेझिस्टन्स मल्टी पासमध्ये येत नाही. तिच्यासाठी वेगळा सिंगल पास, तोही मल्टी पास न घेता घेता येतो, दिवसाला जास्तीत जास्त दोन. दर साधारण १० ते २५ डॉलर. एपकॉटमध्ये गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी, मॅजिक किंगडममध्ये ट्रॉन आणि ॲनिमल किंगडममध्ये फ्लाइट ऑफ पॅसेज यांचंही असंच. डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालेली राइज अनेक टप्प्यांची आहे, रुळांशिवाय फिरणाऱ्या गाड्या, लिफ्टसारखे खाली पडणारे भाग, त्यामुळे ती बंदही पडते. सकाळी दारातच ‘तात्पुरती बंद’ असा फलक दिसला तर तिथे ताटकळत उभं राहू नये. मिलेनियम फाल्कन जवळच आहे. तिथे जावं आणि ॲपवर नजर ठेवावी.

एपकॉट हे भटकंतीचं पार्क. मागच्या अर्ध्या भागात तळ्याभोवती ११ देशांचे विभाग आहेत, पूर्ण फेरी दोन किलोमीटरच्या आसपास. ते सहसा ११ च्या सुमाराला उघडतात. सकाळी रेमी आणि फ्रोझन या दोन राइड्स उरकल्या की बाकी दिवस मुळीच आखू नये. फ्रान्स आणि युनायटेड किंग्डम या विभागांच्या मध्ये पार्कचं दुसरं प्रवेशद्वार आहे. स्कायलायनरने येणारे तिथे उतरतात आणि रेमीला मुख्य दाराने येणाऱ्यांच्या आधी पोचतात. ॲनिमल किंगडममध्ये तर सकाळी लवकर जाणं हाच पास. ऊन चढायच्या आत किलिमांजारो सफारीतले प्राणी हालचाल करताना दिसतात, नंतर सावली धरून बसतात. फ्लाइट ऑफ पॅसेज पहिल्यांदा, सफारी दुसऱ्यांदा, एव्हरेस्टला एकट्याची रांग, आणि दुपारी परत. एकट्याच्या रांगेत कुटुंब वेगवेगळ्या डब्यांत बसतं, पण वेळ बराच वाचतो. मोठी मुलं असतील तर जरूर वापरावी.

लहान मुलं बरोबर असतील तर बुकिंगच्या आधी घरी उंची मोजावी, बुटांसकट. सेव्हन ड्वॉर्फ्स आणि स्लिंकी डॉगला ९७ सेंटिमीटर, राइज, टियानाज आणि टॉवर ऑफ टेररला १०२, स्पेस माउंटन, एव्हरेस्ट आणि फ्लाइट ऑफ पॅसेजला ११२, ट्रॉनला १२२. दारात पट्टी लावून मोजतात आणि अर्ध्या सेंटिमीटरसाठीही सवलत देत नाहीत, ते योग्यच आहे. मूल लहान पडत असेल तर सगळ्यांनी मिळून दारातल्या कर्मचाऱ्याला रायडर स्विच मागावा: एक मोठा माणूस मुलाजवळ थांबतो, पहिला गट जाऊन आला की तो लाइटनिंग लेनमधून जातो. यासाठी वेगळे पैसे नाहीत, पास असण्याचीही अट नाही. मोठं भावंड असेल तर त्याला बहुधा दोन्ही गटांबरोबर जायला मिळतं.

जेवणाचं बुकिंग ६० दिवस आधी उघडतं, आणि नियोजन करणारे सर्वांत जास्त अतिरेक इथेच करतात. रोज दुपारी आणि रात्री टेबल ठरवलेलं असलं की दिवसाचे दोन तुकडे पडतात. मिकीसारख्या पात्रांबरोबरचं एखादं जेवण आधी घ्यावं, बाकी सोडावं. टेबल रद्द करायचं असेल तर बहुतेक ठिकाणी दोन तास आधीपर्यंत फुकट करता येतं; त्यानंतर किंवा न जाता माणशी १० डॉलर लागतात. म्हणूनच आदल्या रात्री आणि त्याच सकाळी चांगली टेबलं सुटतात. दुपारच्या साध्या जेवणासाठी ॲपवरून ऑर्डर द्यावी. बाराची वेळ हवी असेल तर साडेदहालाच निवडून ठेवावी, आणि पोचल्यावर ‘मी आलो’ हे बटण दाबावं. ते दाबेपर्यंत स्वयंपाकघर तुमची ऑर्डर बनवायला घेतच नाही. काउंटरसमोर उभं राहून वाट बघणारे बरेचदा हेच विसरलेले असतात. पिण्याचं थंड पाणी अशा काउंटरवर मागितलं की फुकट मिळतं. शाकाहारी पदार्थ जवळपास सगळीकडे आहेत, पण ॲनिमल किंगडम लॉजमधल्या साना या ठिकाणी भारतीय धाटणीच्या पोळ्या आणि चटण्यांचं ताट मिळतं, खिडकीतून जिराफ दिसतात, आणि तिथे जायला पार्कचं तिकीट लागत नाही. मोकळ्या दिवसासाठी याहून चांगलं ठिकाण क्वचितच.

ऑक्टोबर २०२४ पासून प्रीमियर पासही मिळतो: वेळ ठरवायची गरज नाही, त्या पार्कमधल्या प्रत्येक लाइटनिंग लेनमधून एकेकदा, मनाला येईल तेव्हा. ज्याला मोकळीक हवी त्याच्यासाठी हा आदर्श वाटतो, पण दर मल्टी पासच्या कित्येक पट आहे. एकच दिवस हातात असेल आणि चौघांचा खर्च खुपत नसेल तरच. इतरांना मल्टी पास आणि लवकर उठणं यांत बहुतेक सगळं मिळतं.

फोनची बॅटरी दिवसभर पुरत नाही; पॉवर बँक घ्यावी, आणि स्कॅनसाठी फोनवर विसंबू नये, तिकिटाचं कार्ड किंवा मॅजिकबँड हा मनगटी पट्टा ठेवावा. पार्कांमध्ये वायफाय फुकट आहे, पण आतषबाजीच्या वेळी मॅजिक किंगडमच्या मेन स्ट्रीट या मुख्य रस्त्यावर ते रेंगाळतं. त्या वेळच्या बुकिंगचं काम तिथे पोचायच्या आधीच उरकावं.

शेवटचा तास पास नसलेल्यांचाही आहे. आतषबाजीच्या वेळी मोठी गर्दी किल्ल्यासमोर असते आणि मागच्या राइड्सच्या रांगा आखडतात. पार्क बंद व्हायच्या वेळेपर्यंत जो रांगेत शिरला त्याला राइड मिळते, मग रांग कितीही असो. म्हणून दिवसभर टाळलेली सर्वांत लांब रांग बंद होण्याच्या पाच मिनिटं आधी धरावी. बाहेर पडेपर्यंत मोनोरेल आणि बोटीकडची गर्दीही बरीच ओसरलेली असते, आणि मेन स्ट्रीटवरची दुकानं तेव्हाही उघडी असतात. खरेदी तेव्हा करावी, दुपारी पिशव्या वागवत फिरू नये.